दख्खनच्या लांडग्याला नाव देणारा कर्नल

लांडगा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर युरोप-अमेरिकेतील हिमाच्छादित अरण्ये उभी राहतात. इंग्रजी चित्रपट आणि परदेशी वाहिन्यांनी ते चित्र मनावर पक्के बिंबवले आहे. प्रत्यक्षात, आज जगात हयात असलेल्या करड्या लांडग्यांच्या वंशांपैकी अतिशय प्राचीन असा एक वंश आपल्या पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगरच्या उघड्याबोडक्या माळरानांवर, धनगरांच्या मेंढवाड्यांच्या आसपास वावरतो आहे. डीएनएच्या अभ्यासामुळे गेल्या दोन दशकांत ही गोष्ट टप्प्याटप्प्याने स्पष्ट होत गेली. मात्र हा लांडगा वेगळा आहे, असे शास्त्राच्या दप्तरात पहिल्यांदा नोंदविले गेले ते १८३१ साली. ती नोंद करणारा माणूस व्यवसायाने प्राणिशास्त्रज्ञ नव्हता. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील एक अधिकारी होता आणि त्याची नेमणूक दख्खनची खानेसुमारी करण्यासाठी झाली होती. विल्यम हेन्री साइक्स हे त्याचे नाव.

पक्षिनिरीक्षकांना हे नाव परिचित आहे. साइक्सचा चंडोल आणि साइक्सचा रातवा हे पक्षी त्यांच्याच नावाने ओळखले जातात. संख्याशास्त्र, हवामानशास्त्र, मत्स्यशास्त्र आणि बौद्ध धर्माचा इतिहास अशा परस्परांपासून दूर असलेल्या विषयांतही त्यांचा उल्लेख आढळतो. तरीही ज्या महाराष्ट्रात त्यांनी आयुष्यातील उमेदीची वर्षे घालविली, तेथील सामान्य वाचकाला या माणसाची ओळख जवळपास नाहीच.

तलवारीपासून तागडीपर्यंत

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात झाला. १८०३ मध्ये, म्हणजे जेमतेम तेराव्या-चौदाव्या वर्षी, ते कंपनीच्या मुंबई सैन्यात उमेदवार म्हणून दाखल झाले. १८०५ मध्ये लॉर्ड लेक यांनी भरतपूरच्या किल्ल्याला घातलेल्या वेढ्यात हा किशोरवयीन अधिकारी हजर होता. लष्करी जीवनात रमलेल्या अनेक गोऱ्या अधिकाऱ्यांपेक्षा साइक्स वेगळे ठरले ते एका बाबतीत. त्यांनी देशी भाषांचा अभ्यास मनापासून केला. १८१० पर्यंत हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषांत दुभाषी म्हणून ते उत्तीर्ण झाले होते. पुढे प्राणिशास्त्रात त्यांनी जे काम केले, त्याचे मूळ या मराठीच्या अभ्यासात सापडते.

नोव्हेंबर १८१७ मधील खडकीची लढाई आणि त्यापाठोपाठ पुण्याजवळ झालेली लढाई यांत साइक्स देशी पलटणीसह उतरले होते. त्यानंतर डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमांतही त्यांचा सहभाग होता. म्हणजे पेशवाईचा अस्त त्यांनी विजेत्यांच्या बाजूने पाहिला. हे विसरून त्यांच्याकडे केवळ निसर्गप्रेमी म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. १८१९ मध्ये ते कॅप्टन झाले. १८२० मध्ये ते रजेवर युरोपला गेले आणि चार वर्षे फिरून १८२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईला परतले.

त्या वेळी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर होते. नव्याने ताब्यात आलेला मुलूख चालवायचा तर त्याची खडान्‌खडा माहिती हवी, हे त्यांनी ओळखले होते. गावे किती, माणसे किती, कोणत्या जमिनीत काय पिकते, पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क कोणते, बलुतेदारांना काय मिळते, बाजारात कोणती मापे चालतात, हे सारे कागदावर आणण्यासाठी त्यांनी साइक्स यांना सांख्यिकी वृत्तांतकार या पदावर नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांचा प्रदेश त्यांच्या कामाचा होता.

पुढची सहा-सात वर्षे साइक्स तंबू घेऊन दख्खनमध्ये भटकत राहिले. लोकसंख्येचे तक्ते तयार होत असतानाच ते वायुभारमापक वाचत होते, पाणी कोणत्या तापमानाला उकळते यावरून डोंगरांची उंची काढत होते आणि वाटेत मिळेल त्या पशुपक्ष्याची आणि माशाची तपशीलवार नोंद करीत होते. हवेचा दाब दख्खनवर दिवसातून दोन वेळा ठरावीक वेळी चढतो आणि उतरतो, याविषयीची त्यांची निरीक्षणे १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १८२९ च्या अखेरीस सरकारने हे पदच रद्द केले. तरी साइक्स यांनी काम अर्धवट टाकले नाही. अहवाल पूर्ण करूनच १८३१ च्या प्रारंभी त्यांनी हिंदुस्थान सोडला. त्यांच्या सामानात आकडेवारीच्या तक्त्यांबरोबर प्राण्यांची वर्णने, चित्रे आणि नमुनेही होते.

घाटाच्या अलीकडे आणि पलीकडे

साइक्स यांच्या कामाचे मर्म कळायला कल्याण-कर्जत मार्गावरच्या रोजच्या प्रवाशाला फार लांब जावे लागणार नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके मागे टाकत गाडी कर्जतला पोहोचते आणि तेथून पुण्याकडे जाणारी गाडी बोरघाट चढू लागते. घाटाच्या अलीकडे उल्हास नदीचे खोरे, भातखाचरे आणि धुवांधार पाऊस. घाटमाथ्यावर दाट सदाहरित झाडी. माथा ओलांडून शंभरेक किलोमीटर पूर्वेला जावे, तर पावसाची वाट पाहणारी ज्वारी-बाजरीची शेते आणि खुरट्या गवताचे माळ. एका दिवसाच्या प्रवासात तीन वेगळे मुलूख लागतात. साइक्स यांच्या काळी रेल्वे नव्हती. बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तो त्यांच्या मुक्कामाच्या अखेरीस, १८३० मध्ये. पण पावसाचा हा उतरता क्रम त्यांनी मोजला होता आणि कोणता प्राणी कोणत्या पट्ट्यात राहतो याकडेही त्यांचे लक्ष होते.

जुलै १८३१ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे त्यांनी दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी सादर केली. या यादीतील चार प्राणी मराठी वाचकाने लक्षात ठेवावेत असे आहेत. पहिला माळरानावरचा लांडगा. त्याचे पाय फिकट रंगाचे असल्यामुळे त्यांनी त्याला कॅनिस पॅलिपेस असे लॅटिन नाव दिले. दुसरा रानकुत्रा, म्हणजे आपला कोळसून किंवा कोळसुंदा. त्याला दख्खनच्या नावावरून कॅनिस दखुनेन्सिस म्हटले. तिसरी माळावरची छोटी खोकड. तिचे मराठी नाव साइक्स यांच्या कानांना कोकरी असे ऐकू आले आणि त्यांनी तेच शास्त्रीय नावात घालून कॅनिस कोकरी असे नामकरण केले. चौथी घाटमाथ्यावरच्या उंच आणि दाट झाडीत राहणारी मोठी खार, म्हणजेच शेकरू. हिचे नाव मात्र त्यांनी आपल्या वरिष्ठांना अर्पण करून स्क्युरस एल्फिन्स्टनी असे ठेवले. कर्जतहून खांडसमार्गे भीमाशंकर चढणारे डोंबिवली-बदलापूरचे गिर्यारोहक ज्या शेकरूसाठी माना वर करून झाडांचे शेंडे न्याहाळतात, तीच ही. महाराष्ट्राने पुढे तिला राज्यप्राण्याचा मान दिला.

स्थानिक नावे टिपण्याची ही सवय माशांच्या बाबतीत अधिक ठळकपणे दिसते. मुळा-मुठा, भीमा या नद्यांतील माशांवरच्या त्यांच्या लेखनात खुदरी, शिंगटी, मळ्या, नुक्ता अशी कोळ्यांच्या तोंडची नावे थेट शास्त्रीय नावे होऊन बसली आणि ती आजही जगभर वापरली जातात. ज्या काळात नव्या प्राण्याला एखाद्या लाटसाहेबाचे नाव देण्याची रीत होती, त्या काळात हे उठून दिसणारे होते. अर्थात शेकरूच्या बाबतीत साइक्स यांनीही तीच रीत पाळली, हेही खरे.

नाव दिले, पण नाते?

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १८३१ मध्ये डार्विन यांनी उत्क्रांतीचा सिद्धान्त अद्याप मांडला नव्हता. डार्विन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १८५९ मध्ये. साइक्स यांच्या पिढीच्या दृष्टीने प्रजाती म्हणजे कायमस्वरूपी आखलेले चौकट होते. एखादा प्राणी नवा की जुना, हे ठरवायचे ते अंगाची लांबी, शेपटीचा झुबका, केसांचा रंग, दातांची रचना यांवरून. दोन प्राणी सारखे दिसतात म्हणजे ते एकाच पूर्वजाचे वंशज असतील का, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, कारण तो त्या काळी कोणी फारसे विचारीत नव्हते.

दिसण्यावरून निवाडा करण्यात अडचण असते. उष्ण प्रदेशातील प्राणी अंगाने लहान आणि केसांनी विरळ असतो, थंड प्रदेशातील तोच प्राणी धिप्पाड आणि लोकरी असतो. मग दख्खनचा किरकोळ बांध्याचा लांडगा ही वेगळी प्रजाती की युरोपच्या लांडग्याचीच उन्हाने सुकलेली आवृत्ती? १८८८ मध्ये ब्लॅनफर्ड यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात साइक्स यांचा लांडगा स्वतंत्र प्रजाती म्हणूनच ठेवला होता. विसाव्या शतकात पोकॉक यांनी तो करड्या लांडग्याची केवळ एक उपप्रजाती ठरविला. हाच लांडगा पश्चिम आशियातही आढळतो, असेही मानले गेले. पुढची कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत हेच कायम राहिले. साइक्स यांची प्रजाती अशा रीतीने बढतीवरून खाली उतरविली गेली.

पोथ्यांच्या प्रती आणि पेशीतील लिपी

हा वाद सोडविण्यासाठी बाह्य रूपापलीकडचा पुरावा हवा होता. १९५३ मध्ये डीएनएची रचना उलगडली. १९७७ मध्ये फ्रेडरिक सँगर यांनी डीएनएतील अक्षरांचा क्रम वाचण्याची व्यवहार्य पद्धत दिली. १९८४ मध्ये क्वागा या नामशेष झालेल्या आफ्रिकी प्राण्याच्या संग्रहालयातील जुन्या कातड्यातून डीएनएचा तुकडा वाचण्यात आला आणि क्वागा हा झेब्र्याचा अगदी जवळचा नातलग असल्याचे निष्पन्न झाले. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्याचे कातडेही आपली वंशावळ सांगू शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

ही पद्धत समजण्यासाठी पुण्याचेच एक उदाहरण पुरेसे आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा देशभरातील शेकडो हस्तलिखिते एकमेकांशी ताडून पाहिली. पोथीची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून चुका होतात. त्या पोथीवरून पुढची नक्कल झाली की तीच चूक पुढे चालू राहते आणि काही नव्या चुकांची भर पडते. दोन पोथ्यांत त्याच जागी तीच चूक आढळली, तर त्या दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या, असे अनुमान काढता येते. डीएनए ही ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेली पोथी आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिच्या नकला होत असतात आणि क्वचित एखादे अक्षर बदलते. दोन प्राण्यांतील समान बदल त्यांचे नाते सांगतात, तर वेगवेगळे बदल त्यांची फारकत किती जुनी आहे याचा अंदाज देतात.

सुरुवातीच्या अभ्यासांत पेशीतील मायटोकाँड्रिया या भागातील डीएनए वाचला जाई. तो केवळ आईकडून येतो, एका पेशीत त्याच्या असंख्य प्रती असतात, त्यामुळे केस, विष्ठा किंवा जुने कातडे यांतूनही तो मिळविणे तुलनेने सोपे असते. परस्परांच्या अगदी जवळच्या प्राण्यांत, म्हणजे लांडगा, कोल्हा, कुत्रा यांच्यासारख्यांत, फरक थोडे असतात. म्हणून लवकर बदलणारा हा भाग तेथे विशेष उपयोगी पडतो.

हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २००३ च्या सुमारास आणि भारतीय वन्यजीव संस्था व अमेरिकी संशोधकांच्या गटाने २००४ मध्ये भारतीय लांडग्यांच्या या डीएनएचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्हींचा रोख एकच होता. द्वीपकल्पीय भारतातील माळरानांवरचा लांडगा आणि हिमालयातील लांडगा हे दोन्ही जगातील इतर करड्या लांडग्यांपासून फार पूर्वी वेगळे झालेले स्वतंत्र वंश आहेत. २००४ च्या अभ्यासाने माळरानावरच्या लांडग्याची फारकत सुमारे चार लाख वर्षांपूर्वीची असल्याचा अंदाज वर्तविला. हैदराबादच्या गटाने तर त्याला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा देण्याची सूचना केली.

पण आईकडून आलेली पोथी म्हणजे घराण्याचा अर्धाच इतिहास. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय आणि तिबेटी लांडग्यांचे संपूर्ण जनुकसंच वाचून ते इतर श्वानकुलीन प्राण्यांशी ताडून पाहण्यात आले. आई आणि बाप यांच्याकडून आलेली गुणसूत्रे प्रत्येक पिढीत पत्त्यांसारखी पिसली जातात. जेथे ही पिसाई कमी होते, तेथे जुना इतिहास अधिक शाबूत राहतो. अशा भागांवर लक्ष केंद्रित केल्यावर भारतीय लांडगा हा करड्या लांडग्यांच्या वंशवृक्षावरील अत्यंत प्राचीन फांद्यांपैकी एक असल्याला दुजोरा मिळाला. इतकेच नव्हे, तर आजवर ज्यांना याच उपप्रजातीत घातले जात होते ते पश्चिम आशियातील लांडगे वेगळ्या वंशाचे असल्याचे दिसून आले. म्हणजे हा लांडगा भारत आणि पाकिस्तान एवढ्याच टापूत उरला आहे.

प्राण्यांच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम येथे महत्त्वाचे ठरतात. ज्याने आधी रीतसर वर्णन केले, त्याचे नाव ग्राह्य, असा संकेत आहे आणि नाव ज्या ठिकाणच्या नमुन्यावर दिले त्या ठिकाणच्या प्राण्याशी ते कायमचे बांधलेले असते. पश्चिम आशियातील लांडगे उद्या वेगळे काढले, तरी पॅलिपेस हे नाव दख्खनच्या लांडग्याकडेच राहील. त्याला स्वतंत्र प्रजाती मानले गेले, तर साइक्स यांनी १८३१ मध्ये दिलेलेच नाव पुन्हा उभे राहील.

साऱ्याच नोंदी टिकल्या नाहीत

या एका यशावरून साइक्स यांना द्रष्टे ठरविणे मात्र बरोबर नाही. त्यांची बाकीची नावे काळाच्या कसोटीवर उतरली नाहीत. कोकरीचे वर्णन शॉ यांनी १८०० मध्ये आधीच केलेले होते, त्यामुळे ते मराठमोळे नाव मागे पडले. रानकुत्र्याला पालास यांनी १८११ मध्ये सायबेरियाकडील नमुन्यावरून नाव दिले होते. दख्खनचा कोळसून त्याहून वेगळा नाही, असेच पुढे ठरले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रानकुत्र्यांच्या मायटोकाँड्रियल डीएनएच्या अभ्यासात आशियातील रानकुत्र्यांचे दोन मोठे गट दिसले, पण जुन्या उपप्रजातींच्या सीमारेषा त्यांच्याशी नीट जुळल्या नाहीत. शेकरूचेही नाव १७७७ मध्येच पडलेले होते. एल्फिन्स्टन यांचे नाव मिरविणारी भीमाशंकरकडची शेकरू वेगळी उपप्रजाती मानावी की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

चार प्राण्यांना एकाच पद्धतीने पारखणाऱ्या एकाच माणसाची एक नोंद खरी निघावी आणि तीन बाद व्हाव्यात, यातच केवळ डोळ्यांवर विसंबणाऱ्या वर्गीकरणाची मर्यादा दिसते. याची दुसरी बाजूही आहे. आफ्रिकेतील ज्या प्राण्याला शतकानुशतके सोनेरी कोल्हा समजले जात होते, तो आपल्याकडच्या कोल्ह्यापेक्षा लांडग्याच्या अधिक जवळचा असल्याचे २०१५ मध्ये डीएनएवरून दिसून आले. रूप एक सांगते आणि रक्त दुसरेच सांगते, असे प्राण्यांच्या बाबतीत वारंवार घडत आले आहे. तरीही साइक्स यांच्या नोंदीचे मोल कमी होत नाही. कोणता प्राणी, कोठे मिळाला, कसा दिसत होता, तेथील लोक त्याला काय म्हणत होते, हे नेमकेपणाने लिहून ठेवले गेले म्हणूनच पावणेदोनशे वर्षांनंतर प्रयोगशाळेला त्यावर बोट ठेवता आले.

संसद, कंपनी आणि उत्तरायुष्य

लंडनला गेल्यावर साइक्स यांचे आयुष्य स्थिरावले. १८३३ मध्ये कर्नल हुद्द्यावर ते सैन्यातून निवृत्त झाले. १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. त्याच सुमारास स्थापन झालेल्या लंडनच्या सांख्यिकी सोसायटीच्या संस्थापकांत ते होते आणि १८६३ ते १८६५ या काळात तिचे अध्यक्षही झाले. १८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर निवडून आले आणि १८५७ च्या उठावाच्या आदल्या वर्षी, १८५६ मध्ये, मंडळाच्या अध्यक्षपदी पोहोचले. ज्या कंपनीत ते कोवळ्या वयात उमेदवार म्हणून शिरले, तिच्या सर्वोच्च पदावर ते बसले, आणि नंतर दोनच वर्षांत तिचा कारभार राणी सरकारने आपल्या हाती घेतला.

१८५७ पासून अखेरपर्यंत ते स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे खासदार होते. १८५८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. तरुणपणी वेरूळच्या लेण्यांवर त्यांनी निबंध लिहिला होता. पुढे मुसलमानी आक्रमणापूर्वीच्या हिंदुस्थानच्या धार्मिक आणि राजकीय स्थितीवर, विशेषतः बौद्ध काळावर, त्यांनी १८४१ मध्ये ग्रंथ लिहिला. चीनमधील तायपिंग बंडाच्या प्रश्नावर त्यांनी ब्रिटिश सरकारच्या धोरणावर टीका केली आणि त्या विषयावर १८६३ मध्ये पुस्तकही प्रसिद्ध केले. १६ जून १८७२ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या लांडग्याची नोंद प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत रुळली होती. तिच्यामागचे खरे नाते उलगडायला मात्र आणखी १३० वर्षे जावी लागली.

पडीक नावाचा शिक्का

साइक्स यांच्या चरित्रात एक अंतर्विरोध दडलेला आहे आणि त्याचे परिणाम आजही जाणवतात. ते ज्या सरकारचे वृत्तांतकार होते, त्या सरकारला जमीन समजत होती ती महसुलाच्या भाषेत. जिच्यातून सारा मिळतो ती उपयुक्त आणि जिच्यातून मिळत नाही ती पडीक, अशी ती सरळ विभागणी होती. गवताळ माळ या हिशेबात पडीक ठरला. म्हणजे एकाच तंबूत बसून एका वहीत लांडग्याची नोंद नवा आणि महत्त्वाचा प्राणी म्हणून होत होती, तर सरकारच्या दुसऱ्या वहीत त्याचे घर निरुपयोगी म्हणून चढत होते.

स्वातंत्र्यानंतर सरकार बदलले, पण हा शिक्का पुसला गेला नाही. झाडे नाहीत म्हणजे जंगल नाही आणि जंगल नाही म्हणजे जमीन रिकामी, अशी समजूत सरकारी दप्तरात आणि जनमानसातही कायम आहे. त्यामुळे औद्योगिक वसाहत असो, गृहसंकुल असो, सौरऊर्जा प्रकल्प असो की वृक्षारोपणाची मोहीम, पहिली नजर जाते ती माळरानाकडे. माळावर झाडे लावणे हे पुण्यकर्म वाटते. पण दाट झाडीत लांडगा, माळढोक, काळवीट आणि खोकड राहू शकत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात लांडग्याचा समावेश आहे, म्हणजे त्याला वाघाइतकेच कायदेशीर संरक्षण आहे. परंतु वाघाला व्याघ्रप्रकल्प मिळाले. लांडग्याचा बहुतांश वावर अभयारण्यांच्या बाहेर, शेते आणि गायराने यांच्यामध्ये आहे. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने भारतीय लांडग्याचे प्रथमच स्वतंत्र मूल्यमापन करून त्याला असुरक्षित गटात टाकले. त्यांची एकूण संख्या तीन हजारांच्या आसपास मानली जाते. ती वाघांच्या संख्येहूनही कमी आहे.

संकट केवळ जागेचे नाही. २०२३ मध्ये पुणे परिसरातील माळरानांवरून घेतलेल्या नमुन्यांच्या जनुकीय तपासणीत लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा पुरावा मिळाला. कुत्रा हा लांडग्याचाच पाळीव वंशज, त्यामुळे दोघांची संतती प्रजननक्षम असते. शहरे पसरली, कचऱ्याचे ढीग वाढले की भटकी कुत्री वाढतात आणि ती माळापर्यंत पोहोचतात. लांडग्यांची संख्या घटली की जोडीदार मिळणे कठीण होते आणि मग संकर वाढण्याचा धोका निर्माण होतो. लाखो वर्षे वेगळी राहिलेली पोथी काही पिढ्यांत दुसऱ्या मजकुरात मिसळून जाऊ शकते. गोळी न झाडता, विष न घालता एखादा वंश नाहीसा होण्याचा हा मार्ग आहे आणि तो ओळखायलाही डीएनएचीच मदत घ्यावी लागते, कारण संकरित प्राणी नुसत्या डोळ्यांना खात्रीने ओळखता येत नाही.

मुंबईच्या परिघावर राहणाऱ्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या वाचकाला हा प्रश्न घाटापलीकडचा वाटेल. पण मोकळी जमीन पाहता पाहता इमारतींनी कशी भरून जाते आणि उकिरड्यांभोवती कुत्र्यांच्या टोळ्या कशा वाढतात, हे या पट्ट्याइतके जवळून दुसऱ्या कोणी पाहिले नसेल. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळांवर आज तेच सुरू आहे. फरक इतकाच, की तेथे जी जागा जाते आहे तिच्यावर अवलंबून असलेला लांडगा जगात दुसरीकडे फारसा उरलेला नाही.

कर्नल साइक्स यांनी दख्खनला जिंकणाऱ्यांच्या बाजूने पाहिले, मोजले आणि लिहून ठेवले. त्यांच्या महसुली तक्त्यांचे आता केवळ ऐतिहासिक मूल्य उरले आहे. लांडग्याची नोंद मात्र जिवंत आहे आणि तिच्यावर अजून निर्णय व्हायचा आहे. हा वंश स्वतंत्र प्रजाती मानायचा की नाही, हे शास्त्रज्ञ ठरवतील. त्यासाठी लागणारे माळ सरकारी कागदावर पडीक म्हणून राहू द्यायचे की गवताळ परिसंस्था म्हणून त्यांची वेगळी नोंद करायची, हा निर्णय मात्र महसूल आणि वन खात्यांचा आहे, आणि तो जितका लांबेल तितके प्रयोगशाळेतील निष्कर्षांचे मोल कमी होत जाईल.